टेकडीला नावं ठेवलीस, अंबादास

अंबादास, तू गेलास आणि आठवड्याच्या आत तुझी हुशारी सगळ्या वीज खात्याला पटली.

शोकसभेला मी गेलो होतो. टेबलावर तुझा टाय घातलेला फोटो ठेवला होता, तुला कधीच न आवडलेला. मुंबईहून मोठे साहेब आले होते. हेच ते साहेब, ज्यांनी तुला केबिनबाहेरच्या बाकावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसवून ठेवलं आणि मग शिपायाबरोबर "उद्या या" असा निरोप पाठवला. त्यांनी "दूरदृष्टी" हा शब्द तोंडात धरला तो पानासारखा चघळतच राहिले. तुझ्या सोलापूरच्या ऑफिसातले लोक माना हलवत होते. त्यातल्या अर्ध्यांनी तुझ्या योजनेला "विणकराचं स्वप्न" म्हणून हसून घेतलं होतं. मी यंत्रमागवाल्यांच्या रांगेत बसलो होतो. मधेच उठलो, बाहेर जाऊन थुंकलो आणि परत आत गेलो नाही.

लोक म्हणाले, शिवाशेठला दुःख आवरलं नाही. दुःखबिख काही नव्हतं. किळस आली होती. आणि त्या किळसेतला एक वाटा तुझाही होता, म्हणून हे लिहायला बसलोय. दुसऱ्या कोणाशी हे भांडण होण्यासारखं नाही.

मी वैरागहून तुमच्या घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरायला आलो तेव्हा तू शाळेत जात होतास. घरात सगळे तेलुगू बोलायचे. तुझी अम्मा भाकरी वाढता वाढता ओरडायची, "एंरा शिवा, कांडी सैल भरलास की रे!" आणि ओरडून झालं की आणखी अर्धी भाकरी टाकायची. तू इंजिनिअर झालास. मी एक मोडका माग घेतला, तो उभा केला, मग दुसरा. तुझ्या हातात साहेबी आली, माझ्या तोंडात भांडण आलं. भाजीसुद्धा मला घासाघीस केल्याशिवाय पचत नाही, आणि तू भाजीवाली सांगेल तो भाव देऊन मोकळा व्हायचास. बाजारात तू माझ्यापासून चार हात लांब चालायचास, जणू ओळखच नाही.

"शिवा, ती बाई काय आपली दुश्मन आहे का?"

"नाही. म्हणूनच तर भांडतो. दुश्मनाकडून मी वांगी घेत नाही."

तू डोक्याला हात लावायचास. पण नंतर घरी अम्माला तेच सांगून हसवायचास, हे मला माहीत होतं.

मग लाईटचं सुरू झालं. तुला सांगायला नको, पण मला आठवू दे. ऐन कामात लाईट जायची. सगळी गल्ली खडखडत असायची आणि एकदम कान बधिर व्हावेत तशी गप्प व्हायची. धोटा मधेच अडकायचा, सुताचे तार तुटायचे. लाईट आली तरी जिथे माग थांबला तिथे चादरीत एक आडवी रेघ पडायची, आणि व्यापारी नेमका त्या रेघेवर बोट ठेवायचा. दोन माग घरात असलेल्या विणकराला ती रेघ म्हणजे काय, हे तू जाणत होतास. तुझं घर त्याच सुतावर उभं राहिलं होतं. रात्री मात्र लाईट भरपूर असायची, कारण तेव्हा राज्य झोपलेलं असायचं. पण विणकर किती रात्री जागणार? त्यालाही झोप आहे, बायकापोरं आहेत.

तेव्हा एकदा तू माझ्या कारखान्यात आलास. लाईट गेलेली होती आणि मी कोणाला तरी शिव्या घालत होतो. तू शांतपणे म्हणालास, "रात्रीची वीज उरते. ती साठवायची."

"कशात? पिंपात?"

"हो. पिंपातच. पाण्याच्या."

मी तुला वेडा समजलो. मग तू खडूने माझ्या मागाच्या लाकडी चौकटीवर चित्र काढलंस. खाली एक तलाव, वर टेकडीवर एक तलाव. रात्री उरलेल्या विजेवर पंप चालवून पाणी वर चढवायचं. दिवसा, संध्याकाळी, विजेची ओढ लागली की तेच पाणी खाली सोडायचं, त्यावर चक्र फिरवायचं आणि वीज परत काढून घ्यायची. थोडी गळती धरायची, पण बाकीची हातात. मला पटलं. मालाचा भाव पडलेला असताना भरून ठेवायचा आणि चढला की काढायचा, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"मग करा की. कुठे करायचं?"

"तेच तर सगळं आहे," तू म्हणालास. "कुठे."

मुंबईच्या ऑफिसला जागा घाटाकडे हवी होती. तिकडे कडे उंच, पाणी भरपूर, वीज तयार होते तेही त्याच बाजूला. कागदावर झकास. पण तिथून सोलापूरला येणारी तार एकच आणि तीही बारीक. संध्याकाळी ती आधीच गच्च भरलेली असते. घाटात कितीही पाणी साठवलं, तरी ऐन गरजेला ते या तारेतून इकडे यायचं कसं? तू मला गल्लीतला नळ दाखवलास. "आपल्याकडे पाणी थोडाच वेळ येतं. मग लोक पिंप कुठे ठेवतात? घरात की धरणाच्या भिंतीवर?" साठवण तारेच्या या टोकाला हवी. रात्री तार रिकामी असते तेव्हा इकडे आणून भरायचं आणि दिवसा इथल्या इथे वापरायचं. एवढी साधी गोष्ट. एवढी साधी की ती मोठ्या साहेबांना समजणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या घरी नळ दिवसभर चालू असतो.

सोलापूर म्हणजे तवा. इथे उंच जागा शोधायची तर चष्मा पुसावा लागतो. तरी तू शोधलीस. वैरागच्या अलीकडची सटवाईची टेकडी, पायथ्याला दुष्काळात रोजगाराच्या कामावर बांधलेला तलाव, आणि विजेचे मोठे खांब जवळून गेलेले. घाटाच्या मानाने बुटकी, पण आपल्या कामापुरती उंच. माझ्या गावाकडची म्हणून तू मला घेऊन गेलास. टेकडीवरचा माळ दगडूबापूंचा होता. बापू मेंढ्या बसवून झाडाखाली विडी ओढत होते. तू त्यांना सगळं समजावून सांगितलंस, वर तलाव, खाली तलाव. बापू मन लावून ऐकत होते.

"म्हंजी रातच्याला पानी वर चडवायचं?"

"हो."

"आन दिवसा खाली सोडायचं?"

"बरोबर."

"मंग इंजीनसाब, ते खालीच ऱ्हाऊ दिलं तर न्हाय का चालायचं? उगं बिचाऱ्याला चडउतार."

मी हसून हसून खाली बसलो. तूही हसलास, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलास. मला तुझा तो स्वभाव कधी झेपला नाही. शेवटी मी तुला गप्प केलं आणि बापूंच्या माळाला शिव्या घालायला घेतल्या. हा काय माळ आहे, इथे कुसळसुद्धा लाजेने उगवतं, खडक फोडता फोडता सुरुंगवाल्याचं वय होईल, पाणी टिकायचं नाही, वर यायला रस्ता नाही. फुकट दिला तरी परवडणार नाही. बापू शांतपणे म्हणाले, "व्हय व्हय, लई वंगाळ हाय. मंग कवा येताय मोजायला?"

परतताना जीपमध्ये तू रागावला होतास. "तू जमिनीला नावं का ठेवत होतास? आपल्याला तीच हवी आहे ना?"

"म्हणूनच ठेवली. हवं त्याला नावं ठेवायची. नको त्याची स्तुती करायची. सगळा बाजार यावर चालतो."

"आणि बापूंना ते कळत नाही?"

"कळतं की. मला कळतं, त्यांना कळतं, दोघांना कळतं की दोघांना कळतं. म्हणून तर सौदा होतो."

तू बराच वेळ बाहेर बघत बसला होतास. मला वाटलं, तुला वीट आलाय माझा. तू शिकत होतास, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. पुढे तू मुंबईला रिपोर्ट पाठवलास आणि नंतर स्टेशनजवळच्या हॉटेलात मला चहा पाजून, चेहरा असा खुलवून सांगितलंस, जसा अम्माने लाडू दिल्यावर खुलायचा. "शिवा, या वेळी मी तुझ्या पद्धतीने केलंय." मी विचारलं, काय केलंस? तू म्हणालास, "मी सोलापूरचा. मी टेकडी चांगली म्हटलं तर साहेब म्हणणार, आपल्या गावाकडे ओढतोय. म्हणून घाटाची जागा भरपूर वाखाणली. उंची, पाणी, सगळं. तारेची अडचण शेवटी एका ओळीत. आणि टेकडीला नावं ठेवली. खडक, रस्ता नाही, पाणी बेताचं, उंची कमी. त्यांना वाटेल, हा माणूस निःपक्षपाती आहे. मग तेच तारेचा हिशोब करतील आणि आपण होऊन टेकडीवर येतील."

माझ्या हातातला चहा सांडला. हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली इतका मी ओरडलो. अरे, बाजारात माणूस समोर उभा असतो! तो नको म्हणतो आणि जागचा हलत नाही. सौदा त्याच्या न हलण्यात असतो, बोलण्यात नसतो. बापूंनी माझ्या शिव्या ऐकल्या नाहीत, माझे पाय बघितले. मुंबईला बसलेल्या साहेबाला तुझे पाय कुठून दिसणार? त्याला तुझा कागद दिसणार, आणि कागदावर तू नको म्हटलंयस!

"मी तुझ्याकडूनच शिकलो," तू म्हणालास.

"अर्धं शिकलास! आणि मला विचारलं नाहीस. जन्मभर माझ्या घासाघिशीची लाज वाटली, आणि एकदा करायला गेलास ती कुणाशी, तर कागदाशी!"

तू म्हणालास, रिपोर्ट वाचायला अक्कल असलेली माणसं असतात. मी म्हणालो, अक्कल असती तर तुला बाकावर बसवलं नसतं. तू चहाचे पैसे ठेवून उठून गेलास. त्यानंतर आपण लग्नाकार्यात नुसत्या माना हलवल्या. वाटलं होतं, तू येशील कधीतरी खडू घेऊन. तूही वाट बघत असशील. दोघंही अडून बसलो, आणि मग एका सकाळी तुझ्या घरून माणूस आला.

मी म्हणालो होतो तेच झालं. मुंबईहून उत्तर आलं: स्थानिक अभियंत्यांच्या मते सटवाईची टेकडी अयोग्य, सबब घाटाची जागा. यंत्रमागवाल्यांनी ओरड केली म्हणून, शोकसभेनंतर काही दिवसांनी, विश्रामगृहात बैठक लावली. आम्ही लेखी संमती दिली की घाटाचं काम सुरू व्हायचं होतं. आणि गोड लागावं म्हणून साहेबांनी वर एक खडीसाखर ठेवली होती: घाटातल्या चक्रघराला तुझं नाव देणार. संगमरवराची पाटी.

आदल्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. पद्मावहिनी तुझी पुस्तकं पुसून ठेवत होत्या. म्हणाल्या, "शिवाभाऊ, त्यांच्या नावाची पाटी लागणार म्हणतात. पोरींना कळलंय. धाकटी तर विचारते, रेल्वेतून दिसेल का पाटी?" मी चहा प्यायलो आणि आलो.

बैठकीत साहेबांनी तुझाच रिपोर्ट काढला. उभं राहून, फार आदराने, तुझी वाक्यं वाचली. "भूभाग खडकाळ. पोचरस्ता नाही. पाण्याची उपलब्धता बेताची." मग चष्मा काढून म्हणाले, "बघा, स्वतः सोलापूरचे असूनही किती प्रामाणिक! अशा माणसाच्या शब्दाचा आपण मान राखायला नको का?" अंबादास, ज्या तोंडाने ते तुला जिवंतपणी हिंग लावून विचारत नव्हते, त्याच तोंडाने तुझ्या शब्दांचा फास करून आमच्या गळ्यात घालत होते. आणि फास तू वळून दिला होतास. मला दोघांचीही शिसारी आली.

गप्प बसलो असतो तर तू दूरदृष्टीचा इंजिनिअर, संगमरवरावर कायमचा. आणि या गल्ल्यांतले माग दुपारी असेच मुके. बोललो तर तू सरकारी रिपोर्टात मनात नसलेलं लिहिणारा माणूस. माझ्या शेजारी रामुलू बसला होता, दोन मागांचा धनी. पेन त्याच्या हातात आलं होतं, आणि तो माझ्याकडे बघत होता.

मी उठलो. म्हणालो, "साहेब, रिपोर्टात लिहिलंय ते सगळं खरं आहे. खडक आहे, रस्ता नाही. आणि तरीही अंबादासला जागा तीच हवी होती."

"मग त्यांनी शिफारस का केली नाही?"

"कारण त्याला तीच हवी होती."

टेबलाच्या त्या बाजूला हशा पिकला. एक जण तर खोकायला लागला हसून. साहेब म्हणाले, "म्हणजे ज्याला जे हवं असतं त्याला तो वाईट म्हणतो, असं तुमचं म्हणणं?" पुन्हा हशा. पण आमच्या बाजूला कोणी हसलं नाही. सूतवाले, चादरवाले, रंगवाले, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यांवर उजाडलं. रामुलू हळूच म्हणाला, "अय्यो, अंबादासनं सौदा केला की ओ!" आणि पेन खाली ठेवलं. त्याच्या पुढच्यानेही ठेवलं. संमतीच्या कागदावर एकही सही झाली नाही.

साहेब चिडले. म्हणाले, असं असेल तर या रिपोर्टवर विश्वासच ठेवता येत नाही. हा रद्द समजावा लागेल, दोन्ही जागांची पाहणी नव्याने करावी लागेल. त्यांनी ते धमकी म्हणून सांगितलं. आम्ही ते पदरात पाडून घेतलं.

तर तुझा रिपोर्ट आता रद्दी आहे. पाटी गेली. ऑफिसात तुला आता काय म्हणतात ते मी लिहीत नाही, मी ऐकलंय. ज्यांनी तुझ्या फोटोला हार घातला, त्यांना परत तुझी टिंगल करायची मोकळीक मी दिली, आणि ती त्यांनी किती आनंदाने घेतली ते बघून मला पुन्हा बाहेर जाऊन थुंकावं लागलं.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. त्यांना आधीच कळलं होतं. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माग तुमचे आहेत, शिवाभाऊ. माणूस माझा होता. सगळ्यांपुढे त्यांना येडं केलंत तुम्ही." मी म्हणालो, "येडा नव्हता तो, वहिनी. त्याला टेकडी फार हवी होती, इतकंच." त्या म्हणाल्या, "मग तसं त्यांनीच का नाही सांगितलं?" आणि दार लोटलं. जोरात नाही. तुझ्या घरात कोणी दार जोरात लावत नाही.

याचं उत्तर तू घेऊन गेलायस, आणि त्याचा मला राग आहे. खडूचं चित्र काढून मला अडाण्याला पटवलंस. बापूंना दोनदा समजावलंस. जिथे सरळ बोललास तिथे माणसं तुझ्या बाजूला आली. मोठ्या माणसांपुढे मात्र तुला वाटलं, सरळ बोलून कोणी ऐकत नाही. हे तुला त्या बाकाने शिकवलं. माझं नाव उगाच पुढे करू नकोस. आणि तरीही सांगतो, गावाच्या दारात साठवण हवी हे या सगळ्या तव्यावर तुला एकट्याला सुचलं. तुझ्यामुळे मी ते पहिल्यांदा ऐकलं, आणि आता झोपेतसुद्धा ते मला दिसतं.

पाहणीला कोणी नवा इंजिनिअर येणार आहे म्हणे. तरुण आहे. मी त्याला टेकडीवर घेऊन जाणार. तो विचारेल, जागा कशी आहे? हव्या असलेल्या मालाबद्दल जे जन्मात माझ्या तोंडून निघालं नाही, ते मी त्याला सांगणार आहे. चांगली आहे. दोन शब्द, अंबादास. तेवढेच लिहायचे होते तुला.